अभ्यासिकेचं वाय-फाय आणि अपडेट झालेले फोन : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२१

१८ जानेवारी २०२१, सोमवार

सकाळी ग्रंथपाल मॅडमचा फोन. अभ्यासिकेतल्या बऱ्याच मुलांच्या फोनला वाय-फाय लागत नाही. मुलांचं म्हणणं एकच, फोनला अपडेट आलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून गेलो.

जागेची माहिती नोंदीसाठी. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं वाचनालय, 'ब' वर्ग, वरच्या मजल्यावर अभ्यासिका. १५ ऑक्टोबरपासून राज्यातली ग्रंथालयं उघडली तशी हीसुद्धा उघडली. अंतर ठेवून बसवायचं म्हणून खुर्च्या निम्म्या केल्यात. मुलं स्पर्धा परीक्षांची. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा मूळची ५ एप्रिल २०२०ची, ती ढकलत ढकलत आता १४ मार्चवर आली आहे. क्लास बंद असल्यामुळे सगळी व्याख्यानं आणि सराव परीक्षा फोनवरच. आसपासच्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलांचा दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो. इथलं वाय-फाय त्यांच्यासाठी पुस्तकांच्या कपाटाइतकंच गरजेचं आहे, म्हणून हे काम हातातली इतर कामं बाजूला ठेवून करायचं ठरवलं.

यंत्रणा साधी. फायबरची जोडणी, एक राउटर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला तेच वाय-फाय पोचवणारा एक अॅक्सेस पॉइंट. दोन्ही इन्व्हर्टरवर. पासवर्ड एकच, सगळ्यांना माहीत. त्याशिवाय मॅक फिल्टर : सभासदाच्या फोनचा मॅक पत्ता, म्हणजे फोनच्या वाय-फायचा ओळख क्रमांक, राउटरच्या यादीत चढवलेला असेल तरच जोडणी. यादी मॅडमच्या वहीतही आहे, नाव आणि समोर बारा अक्षरं.

१९ जानेवारी, मंगळवार

आज फक्त तक्रारी नीट ऐकून लिहून घेतल्या. 'वाय-फाय चालत नाही' या एका वाक्यात निदान चार वेगळे आजार असतात आणि ते आधी वेगळे केले नाहीत तर पुढचं सगळं अंधारात चालतं. नेटवर्कचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर जोडणी नाकारली जाते का? जोडणी होते पण 'ऑब्टेनिंग आयपी अॅड्रेस'वर अडकते का? की सगळं होऊन शेवटी 'कनेक्टेड, नो इंटरनेट' येतं?

बहुतेकांचं दुसरं. नाव दिसतं, पट्ट्या पूर्ण, पासवर्ड बरोबर, तरी 'ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम' किंवा नुसतंच 'सेव्ह्ड'. दोघांचं चौथं. त्यांचं वेगळं लिहून ठेवलं, आज हात लावला नाही.

राउटर बंद-चालू करून पाहिला, फरक शून्य. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करून पाहिली, दोन्हीकडे तोच नकार. म्हणजे लहरींचा किंवा चॅनेलचा प्रश्न नाही. याच फोनांना माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला तर लगेच जोडले गेले, तेव्हा फोनचं वाय-फायही धड आहे.

एक गोष्ट मात्र कोड्यात टाकणारी. खिडकीजवळ बसणाऱ्या दोघी मैत्रिणींचे फोन एकाच मॉडेलचे, एकाच दुकानातून घेतलेले, दोघींना अँड्रॉइड १० एकाच आठवड्यात आलं. एकीचं वाय-फाय सुरळीत, दुसरीचं बंद. दोन्ही फोन शेजारी ठेवून सेटिंग्जची पानं ओळीने ताडून पाहिली. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली, उद्या पुढे.

२० जानेवारी, बुधवार

राउटरचा सिस्टीम लॉग, म्हणजे त्याची घडामोडींची नोंदवही, उघडून बसलो. त्या मुलीला समोर बसवून जोडणीचं बटण दाबायला सांगितलं आणि लॉगमध्ये त्याच सेकंदाची ओळ शोधली. नकार मिळालेला आहे, पण ज्या पत्त्याला नकार मिळाला तो वहीत तिच्या नावासमोर लिहिलेला पत्ता नव्हेच. फोनच्या 'अबाउट फोन'मध्ये जुनाच पत्ता दिसतो, तो वहीशी तंतोतंत जुळतो. राउटरपाशी पोचतो तो वेगळा.

लॉगमधल्या पत्त्याची पहिली दोन अक्षरं 'डी' आणि 'ए'. बाकी नाकारलेल्या फोनांचे पत्ते एकाखाली एक लिहिले. कुठे सुरुवातीला '३६', कुठे 'ई२', कुठे '७ई'. दुसरं अक्षर प्रत्येक वेळी २, ६, ए किंवा ई यांपैकीच. इथे उलगडा झाला.

मॅक पत्ता ४८ बिटांचा. कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीचा असतो, तो गट आयईईई ही संस्था कंपनीला नेमून देते. पण पहिल्या बाइटातले शेवटचे दोन बिट खुणेचे. शेवटचा शून्य असला की पत्ता एकाच यंत्राचा. त्याच्या आधीचा एक असला की हा पत्ता कारखान्याने दिलेला नसून यंत्राने स्वतः धारण केलेला आहे. हे दोन बिट 'एक, शून्य' असे आले की दुसरं अक्षर २, ६, ए, ई यांपैकीच होतं, पाचवं अक्षर शक्यच नाही. उरलेले ४६ बिट फोन मनाला येईल तसे भरतो.

म्हणजे फोन मुद्दाम दुसरा पत्ता घेऊन दारात येतात, आणि यादी त्यांना अनोळखी म्हणून परत पाठवते.

हे अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, ठरवून केलेलं आहे. आयफोनमध्ये सप्टेंबर २०२०च्या आयओएस १४ने तेच आणलं, तिथे त्याला 'प्रायव्हेट अॅड्रेस' म्हणतात. कारणही रास्त आहे. फोन कुठेही गेला तरी एकच कायमचा पत्ता हवेत सांगत फिरायचा, तो कुणीही टिपू शकत असे. २०१३ साली लंडनच्या सिटी भागात रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये अशी यंत्रं बसवली होती, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनचे पत्ते ती नोंदवायची. बोभाटा झाल्यावर त्याच ऑगस्टमध्ये ती बंद करायला लावली. आपल्या मुलींचे फोन बसस्टँडपासून वाचनालयापर्यंत कुणाला ओळखता येऊ नयेत हे मला तरी पूर्ण पटतं.

२१ जानेवारी, गुरुवार

दोन मैत्रिणींचं कोडं आज सुटलं, आणि या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी धडा त्यातच निघाला.

जिचा फोन चालतो तिने अपडेटनंतर वाय-फायला हातच लावला नव्हता. जिचा बंद आहे तिने 'फर्गेट नेटवर्क' करून पुन्हा पासवर्ड टाकला होता. अँड्रॉइड ९वरून १०वर जाताना आधीपासून जतन असलेल्या नेटवर्कला फोन जुनाच, कारखान्याचा पत्ता लावत राहतो. नव्याने जोडलेल्या नेटवर्कला मात्र आपोआप नवा पत्ता. खात्रीसाठी पहिलीच्या परवानगीने तिच्या फोनवरही 'फर्गेट' केलं. बंद पडला. लॉगमध्ये लगेच नवीन पत्ता, दुसरं अक्षर ६. मग सेटिंग बदलून तिचा पूर्ववत करून दिला.

मुलांच्या व्हॉट्सअॅप गटात महिनाभर एक मजकूर फिरतोय : अपडेटनंतर नेट हळू वाटलं तर 'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' करा. पुष्कळांनी तो मनोभावे केला. त्यांचं वाय-फाय अपडेटने बंद पडलंच नव्हतं, या उपायाने बंद पडलं. हा रिसेट सगळी जतन नेटवर्कं, पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसतो. तो अगदी शेवटी करायचा, आणि काय काय पुसलं जाणार हे माहीत असताना करायचा. फलकावर तसं लिहून लावलं.

हॉलमध्ये आयफोन एकच आहे. त्याच्यात अपडेट होताच जतन नेटवर्कवरही खासगी पत्ता लागू झाला होता, तिथे 'फर्गेट'चा संबंध नाही.

२३ जानेवारी, शनिवार

तात्पुरता इलाज आज सगळ्यांना करून दिला. अँड्रॉइडवर : वाय-फाय, आपल्या नेटवर्कच्या नावापुढचं चाक, 'अॅडव्हान्स्ड', 'प्रायव्हसी', तिथे 'युज रँडमाइज्ड मॅक'ऐवजी 'युज डिव्हाइस मॅक'. काही कंपन्यांनी हे पान आणखी एक पायरी आत ठेवलंय, नावही किंचित वेगळं. आयफोनवर नेटवर्कच्या नावापुढचं 'आय' दाबून 'प्रायव्हेट अॅड्रेस' बंद. ही निवड त्या एकाच नेटवर्कपुरती राहते, बाकी सगळीकडे फोन पत्ता झाकूनच वावरतो. हे मुद्दाम प्रत्येकाला सांगितलं, कारण दोघीतिघींनी हाच प्रश्न विचारला आणि तो विचारायलाच हवा होता.

संध्याकाळी सहाला हॉलमध्ये सगळ्यांचं लागलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "झालं की मग काम." मी म्हटलं, "मॅडम, आजचं झालं. पण पुढचं अपडेट आलं की हीच रांग परत लागणार."

आणि दुसरं असं की राउटरच्या यादीत चौसष्टच नोंदी बसतात. नव्या सभासदासाठी जुन्याचं नाव खोडावं लागतं. मुलगा फोन बदलतो तेव्हा जुना पत्ता कुणी काढत नाही. वहीतल्या निम्म्या ओळी आता कुणाच्या आहेत हे मॅडमनाही सांगता येईना.

२७ जानेवारी, बुधवार

आज अध्यक्ष, मॅडम आणि मी बसलो. प्रश्न सरळ ठेवला : ही यादी मुळात केली कशासाठी?

अध्यक्षांनी सांगितलं ते समजण्यासारखं होतं. पासवर्ड एक असला की गावभर होतो. अँड्रॉइड १०मध्ये तर वाय-फायचा क्यूआर दाखवला की समोरच्याचा फोन जोडला जातो, पासवर्ड सांगावाही लागत नाही. खालच्या चहाच्या टपरीपर्यंत सिग्नल जातो. वर्गणी भरणाऱ्या मुलांचा वेग कमी होऊ नये म्हणून ज्यांनी ही यंत्रणा बसवली त्यांनी यादीचा मार्ग सुचवला. तेव्हा तो चाललाही.

माझं म्हणणं मांडलं. मॅक पत्ता माणसाची ओळख सांगत नाही. मोटारसायकलचा नंबर बघून चालवणारा कोण हे ठरवण्यासारखं ते आहे, शिवाय हा नंबर हवेत सगळ्यांना दिसतो आणि लॅपटॉपवर दोन मिनिटांत दुसऱ्याचा लावता येतो. आजवर तो बदलत नव्हता म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवणं निभावलं. आता फोन बनवणाऱ्यांनी तो बदलता केलाय आणि ते मागे घेणार नाहीत. मुलांना पत्ता उघडा ठेवायला सांगून आपण त्यांना मिळालेलं संरक्षण काढून घेतो. त्यापेक्षा सभासदाला सभासद म्हणून ओळखावं : प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड, सभासदत्व संपलं की तेवढंच खातं बंद.

त्यासाठी डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ, म्हणजे प्रत्येकाला वेगळ्या नाव-पासवर्डने आत घेणारी वाय-फायची पद्धत. आपल्या राउटरमध्ये आणि अॅक्सेस पॉइंटमध्ये तो पर्याय आहे. नावं तपासणारा रेडियस सर्व्हर मात्र हवा. तो रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर फ्रीरेडियस या फुकटच्या सॉफ्टवेअरने होतो. पाय माझ्याकडे पडून आहे, तो वाचनालयाला देतो. खर्च फक्त चांगल्या मेमरी कार्डाचा. मंजूर.

३ फेब्रुवारी, बुधवार

मधल्या काळासाठी मॅक यादी बंद केली, पासवर्ड नवा दिला. दुपारी बारापर्यंत छान चाललं, मग 'ऑब्टेनिंग आयपी अॅड्रेस'वर एकेक फोन अडकायला लागला. हा १९ जानेवारीच्या यादीतला तिसरा आजार, आज पहिल्यांदा दिसला.

राउटरचं डीएचसीपीचं, म्हणजे आलेल्या प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा तात्पुरता पत्ता (आयपी) वाटणाऱ्या सोयीचं, पान उघडलं. वाटायचे पत्ते १९२.१६८.१.१०० ते १४९, म्हणजे पन्नास. मुदत २४ तास. ज्यांनी २३ जानेवारीला केलेलं सेटिंग उलटवलं त्यांच्या एकाच फोनला काल कारखान्याच्या पत्त्यावर एक आणि आज नव्या पत्त्यावर दुसरा आयपी गेलेला. सकाळी येऊन गेलेल्या मुलांचे आयपी रात्रीपर्यंत अडकलेले. पन्नास कधीच संपले होते.

मर्यादा २५०पर्यंत वाढवली, मुदत तीन तासांवर आणली. लगेच मोकळं. यादी वापरणाऱ्या कुठल्याही वाचनालयाने, शाळेने यादी काढण्याआधी हे पान पाहावं.

६ फेब्रुवारी, शनिवार

'कनेक्टेड, नो इंटरनेट'वाले दोघे. एकाच्या फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव घातलेलं. ही सोय अँड्रॉइड ९पासूनची. नाव घातलं की फोन डीएनएसची विचारणा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणं, फक्त त्याच सर्व्हरला, ८५३ क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कच्या दारावर), कुलूपबंद करून पाठवतो, आणि ते पोर्ट बंद असेल तर साध्या मार्गाने जात नाही. आमच्या राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्यात, ठरावीक पोर्ट सोडून बाकी बंद होती. ८५३ उघडलं, झालं. मुलाचं सेटिंग चुकीचं नव्हतंच, म्हणून ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्याचा फोन तारीख २०१९ दाखवत होता. एका गेमसाठी धाकट्या भावाने मागे केलेली. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं फोनला खोटी वाटतात आणि काहीच उघडत नाही. 'ऑटोमॅटिक डेट अँड टाइम' चालू केलं.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर रात्री घरी पायवर काम. फ्रीरेडियस बसवला, राउटर आणि अॅक्सेस पॉइंट त्याच्या क्लायंट यादीत टाकले, दोघांसाठी वेगळं गुपित. पोर्ट १८१२. काही अडलं की 'एक्स' देऊन डीबगमध्ये चालवायचा, तो प्रत्येक पायरी बोलून दाखवतो. इतकं स्पष्ट सांगणारी सॉफ्टवेअरं थोडी.

प्रमाणपत्रांशी, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे हे फोनला पटवणाऱ्या फाइलींशी, मात्र सावकाश वागलो. फ्रीरेडियससोबत येणाऱ्या नमुना फाइलींमध्ये मुदत ६० दिवसांची असते. ती चाचणीसाठी आहे. तशीच वापरली तर बरोबर एप्रिलच्या मध्यावर सगळे फोन एकाच दिवशी बंद पडले असते आणि पुन्हा सगळ्यांनी अपडेटला बोल लावला असता. मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे सर्व्हरचं खरं ठरतं) दहा वर्षांचं केलं, सर्व्हरचं दोन वर्षांचं. सर्व्हरचं त्याहून फार लांबवलं नाही, कारण आयओएस १३पासून ॲपल ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीची सर्व्हर प्रमाणपत्रं मानत नाही.

नाव-पासवर्ड तपासायची पद्धत पीईएपी, म्हणजे बाहेरचं सुरक्षित आवरण, आणि त्याच्या आत पासवर्ड पडताळणारी एमएस-चॅप-व्ही२. ही सगळ्या फोनांना येते, जुन्या अँड्रॉइडलाही. तिचं आतलं कुलूप कच्चं आहे, २०१२च्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत ते डीईएस या जुन्या, कमजोर कुलूपपद्धतीच्या एका किल्लीइतक्या कष्टात उघडतं हे दाखवून झालंय. म्हणून बाहेरचं आवरण, म्हणजे सर्व्हरच्या प्रमाणपत्राची पडताळणी, हीच खरी भिंत. शिवाय या पद्धतीत सर्व्हरवर पासवर्ड हवा तितका मजबूत झाकून ठेवता येत नाही. मुलांना स्वतःचा नेहमीचा पासवर्ड निवडू द्यायचा नाही असं ठरवलं, आम्हीच तयार करून छापील चिठ्ठीवर द्यायचा.

१७ फेब्रुवारी, बुधवार

नवीन नेटवर्क हवेत. पहिली चाचणी.

जुन्या फोनांत 'सीए सर्टिफिकेट'च्या चौकटीत 'डू नॉट व्हॅलिडेट' असा पर्याय येतो. तो निवडला, नाव-पासवर्ड टाकला की जोडणी होते. अध्यक्षांच्या पुण्याहून आलेल्या भाच्याच्या फोनमध्ये हा पर्याय सापडेना. त्याच्याकडे गुगलचा पिक्सेल आहे, आणि डिसेंबर २०२०च्या अपडेटने पिक्सेलमधून हा पर्याय काढून टाकला. बाकी कंपन्यांचे फोनही आज ना उद्या त्याच वाटेने जाणार.

भाचा म्हणाला, "दादा, जुन्या फोनांना चालतंय ना, मग त्यांना तसंच द्या. माझं मी बघतो."

तसं करायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. पडताळणी नको म्हटलेला फोन आपल्या नेटवर्कच्या नावाचा कुठलाही डबा समोर आला की त्याला जोडायला जातो. टपरीवर बसून कुणीही हेच नाव लावलं की मुलांच्या पासवर्डचा उत्तर-प्रत्युत्तराचा भाग त्याच्या हाती पडतो, आणि वर लिहिलेलं कच्चं कुलूप तो घरी जाऊन निवांत उघडतो. फोन बनवणाऱ्यांनी बंद केलेली पळवाट आपण वर्षभरासाठी उघडी ठेवायची आणि मग पुन्हा अपडेटच्या दिवशी पळापळ करायची, याला अर्थ नाही. सगळ्यांच्या फोनवर मूळ प्रमाणपत्र बसवायचं, 'डोमेन'च्या चौकटीत सर्व्हरचं नाव भरायचं. पिक्सेलवर असं करून पाहिलं, पहिल्याच दमात जोडलं गेलं.

२० फेब्रुवारी, शनिवार

मांडणी अशी केली. काउंटरवर वाचनालयाचा संगणक, प्रमाणपत्राची फाइल त्याच्यावर, केबलने फोनमध्ये. व्हॉट्सअॅपवर पाठवायची नाही, कारण गटात फिरणारी फाइल आमचीच आहे हे मुलाला कळायला मार्ग नाही, आणि प्रमाणपत्र बसवणं हे विश्वास देणं आहे. मुलांना ते सांगितलं, त्यांना लगेच समजलं.

बसवताना एक जागा सांभाळायची. अँड्रॉइड १०पर्यंत फोन विचारतो, हे कशासाठी वापरायचं : 'व्हीपीएन अँड अॅप्स' की 'वाय-फाय'? तिथे 'वाय-फाय'च. अँड्रॉइड ११मध्ये तीन वेगळ्या ओळी आहेत, त्यातली 'वाय-फाय सर्टिफिकेट'. पहिला पर्याय निवडला तर फोन ते प्रमाणपत्र इंटरनेटवरच्या इतर कामांसाठीही मानायला लागतो आणि 'नेटवर्क मे बी मॉनिटर्ड' असा इशारा येत राहतो. तो इशारा खरा असतो. एका मुलीचं काल घाईत तसं झालं होतं, तिचं काढून परत बसवलं.

बहुतेक फोन प्रमाणपत्र घेण्याआधी स्क्रीन लॉक मागतात. तिघांच्या फोनला लॉकच नव्हतं. घरात सगळे एक फोन वापरतात, आजीला पॅटर्न जमत नाही. चार आकडी पिन ठेवून आजीला शिकवायची जबाबदारी नातवाने घेतली.

आयफोनचं सोपं. नाव-पासवर्ड टाकल्यावर प्रमाणपत्र समोर येतं, त्यावरचं नाव आणि मुदत वाचून 'ट्रस्ट'. वाचायचं काय ते चिठ्ठीवर छापलं.

आणि मग प्रत्येकाला सांगून 'रँडमाइज्ड मॅक' परत चालू करून घेतलं. आता फोन कुठला पत्ता लावून येतो याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिंटर आणि सीसीटीव्हीच्या डब्याला एंटरप्राइझ येत नाही. त्यांच्यासाठी लांब पासवर्डचं वेगळं नेटवर्क, नाव लपवलेलं नाही, पासवर्ड फक्त मॅडमकडे. जुनं नेटवर्क आज रात्री बंद केलं.

११ मार्च, गुरुवार

महाशिवरात्र, वाचनालयाला सुट्टी, पण परीक्षा रविवारी म्हणून अभ्यासिका उघडी ठेवली होती. दुपारी बातमी आली की आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. हॉलमधले सगळे फोन एकदम आयोगाच्या संकेतस्थळाकडे वळले. मी पायसमोर बसून नोंदी बघत होतो, एकही जोडणी पडली नाही. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरल्याचे व्हिडिओ इथल्या मुलांनी इथेच बसून पाहिले. दोघी रडत होत्या. वर्षभरात किती वेळा तयारी शेवटापर्यंत आणून सोडून द्यायची? रात्री मुख्यमंत्र्यांनी आठवड्याच्या आत परीक्षा होईल असं सांगितलं, ते ऐकेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. मॅडमनी दहापर्यंत हॉल उघडा ठेवला.

१६ मार्च, मंगळवार

परीक्षा २१ तारखेला. एका मुलाच्या फोनला काल रात्री अँड्रॉइड ११ आलं. सकाळी येऊन त्याने आधी मलाच फोन दाखवला. नेटवर्क जतन होतं तसंच, जोडलं गेलेलं, लॉगमध्ये त्याचं सभासद नाव. मुद्दाम 'फर्गेट' करून पुन्हा जोडायला लावलं. प्रमाणपत्र फोनमध्ये होतं, डोमेन भरलं, चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला, लागलं. जानेवारीत ज्या दोन पायऱ्यांनी सगळं बंद पडत होतं, त्या दोन्ही आज पार झाल्या.

२४ मार्च, बुधवार

हस्तांतरण. मॅडमना खातं उघडणं आणि बंद करणं शिकवलं, त्यांनी समोर तीन खाती स्वतः केली. वर्गणी थकलेल्या एकाचं बंद केलं, पाच मिनिटांनी त्याने येऊन वर्गणी भरली, परत चालू केलं. पायच्या कार्डाची एक प्रत कपाटात, पाकिटावर तारीख.

शिल्लक कामं : अॅक्सेस पॉइंटचं फर्मवेअर जुनं आहे, ते परीक्षा नसलेल्या आठवड्यात. डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूपीए२ नंतरची नवी पद्धत) सध्या घ्यायचं नाही, हॉलमधल्या जुन्या फोनांना ते येत नाही. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत फेब्रुवारी २०२३मध्ये संपते. ते जानेवारी २०२३मध्ये नवीन करायचं, मूळ प्रमाणपत्र तेच राहत असल्यामुळे अँड्रॉइडवाल्यांना काही करावं लागणार नाही, आयफोनवाल्यांनी एकदा 'ट्रस्ट' दाबायचं. मॅडमच्या वहीतली मॅक पत्त्यांची पानं रद्द केली आणि त्याच वहीत हे लिहून दिलं.